आतून मी, बाहेरून हे

लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी नवऱ्याचं तोंड सगळ्यात जास्त काचेतून पाहिलं. मी इमारतीच्या आत, ते बाहेर दोरावर, आणि मध्ये साबणाचा फेस. आमचा धंदा काचा पुसण्याचा. आज नाशकात या कामाला कंपन्या आहेत, गणवेशातली पोरं आहेत. आम्ही सुरू केलं तेव्हा मात्र लोक हसायचे. काचा पुसायला कोणी माणूस लावतं का? मग घरातली बाई कशाला आहे, असा त्या हसण्याचा अर्थ.

माझ्या यजमानांचं नाव निवृत्ती. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी सगळा संसार 'अहो' आणि 'हे' यावर झाला. पण लेखात सारखं 'हे, हे' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल, म्हणून इथे निवृत्तीराव लिहिते. अंक हातात पडल्यावर ते लाजतील. लाजू देत.

त्यांचं घर मखमलाबादकडचं, फुलं-भाजी पिकवणारं. झेंडू, गुलाब, मेथी, कोथिंबीर. घरच्या विहिरीचा गाळ काढायला ते मिसरूड फुटायच्या आधीपासून दोरावर उतरायचे. मग शेजारचे लोकही बोलवायला लागले. दोराला लटकणं ही त्यांच्या लेखी चालण्याइतकी साधी गोष्ट होती. नव्वदच्या आसपास कॉलेज रोड, गंगापूर रोडला इमारती उठू लागल्या, तेव्हा एका रंगाच्या ठेकेदाराने हा विहिरीतला माणूस वर नेला आणि बाहेरच्या भिंती रंगवायला लावला. रंगाचे शिंतोडे काचांवर उडायचे. ते पात्याने खरवडायचं काम बाकीचे टाळायचे, हे हौसेने करायचे. "भिंत काय, कोणीबी रंगवंल," म्हणायचे. "काचेला हात लागतो." एके दिवशी रंग सोडला आणि काच धरली.

मी या धंद्यात आले ती दारावरच्या अडचणीमुळे. बंगल्यांमध्ये दुपारी बायकाच घरात. दारात बादली घेऊन उभा असलेला दणकट अनोळखी पुरुष बघितला की त्या जाळीच्या दारातूनच सांगायच्या, मालक नाहीत, रविवारी या. रविवारी मालक झोपलेले. महिनाभर हेच बघून मी म्हटलं, उद्या मी येते. मी नामपूरची, कांद्याच्या बाजारात वाढलेली. अनोळखी माणसाशी बोलायला मला कधी भीड वाटली नाही. मी पुढे आणि हे मागे असे उभे राहिलो की दारं उघडायची. पाणी विचारलं जायचं, मुलं किती ते विचारलं जायचं. अशी आतली बाजू माझ्याकडे आली ती कायमची.

बाहेरच्यांना वाटतं, फडका मारला की झालं. तसं नसतं. आधी लवदार कापड चढवलेल्या दांड्याने काच साबणाच्या पाण्यात न्हाऊ घालायची. सिमेंट, रंग, पक्ष्यांची घाण पात्याने सोडवायची. मग रबराचा वायपर वरच्या कोपऱ्यात टेकवायचा आणि एका दमात ओढायचा. मध्ये थांबलात की तिथे रेघ राहिलीच. शेवटी कडा कोरड्या कापडाने टिपायच्या. एक थेंब मागे राहता कामा नये. ओली काच सोडून जाणारा माणूस निवृत्तीरावांच्या मते अर्धवट आंघोळ करून देवळात जाणारा.

मी वायपर आडवा ओढायची, ते उभा. हे त्यांचंच डोकं. काच कोरडी झाली आणि रेघ दिसली तर ती आडवी की उभी एवढं बघायचं, म्हणजे चूक आतल्या माणसाची की बाहेरच्या ते लगेच कळतं. नवरा-बायकोत चूक कुणाची हे इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत असेल असं वाटत नाही. आडवी रेघ असली की ते बाहेरून मान डोलवत हसायचे. उभी असली की मी दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसती बघत राहायची.

बोलणं ऐकू जायचं नाही, म्हणून खुणा झाल्या. मूठ दाखवली की थांबा. बोट खाली केलं की खाली उतरा. काचेवर ठोकलं की इकडे बघा. भांडणसुद्धा खुणांनी व्हायचं आणि ते बरं असायचं, कारण खुणांमध्ये माहेरचा उद्धार करता येत नाही.

माझी आई एकदा नामपूरहून आली आणि हौसेने काम बघायला आली. चौथ्या मजल्यावर जावई फळीच्या झुल्यावर बसून लटकलेले बघितले आणि खाली फूटपाथवरच बसली. "हाई काय काम शे व माय?" एवढंच ती अहिराणीत म्हणाली. संध्याकाळी तिने पूर्ण जेवणही केलं नाही. मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगते, रोज सकाळी ते गच्चीच्या कठड्यावरून पाय बाहेर टाकायचे, तेव्हा मी मान फिरवायची. पहिल्या दिवशी फिरवली तशीच शेवटच्या दिवशीही फिरवली. त्याची सवय झाली नाही.

तरी ते दिवस सोन्यासारखे होते. थंडीच्या सकाळी बंगल्यातली बाई मला चहा द्यायची. मी खिडकी उघडून अर्धा चहा बशीत ओतून बाहेर द्यायची, आणि हे शिडीवर उभ्याउभ्या, कानाला मफलर गुंडाळून, बशी तोंडाला लावायचे. सिंहस्थाच्या आधी तर सगळ्या गावाला चमकायचं होतं. पंचवटीपासून शरणपूर रोडपर्यंत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. हात साबणाने सोलवटले होते आणि आम्ही दोघं जाम खुशीत होतो.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. कॉलेज रोडला एक निवृत्त प्राध्यापक बाई होत्या. त्यांच्या हॉलला बागेकडे उघडणारी मोठी काच. आम्ही जीव ओतून पुसली. दुसऱ्या दिवशी बाईंचं बोलावणं आलं. आम्हाला वाटलं, शाबासकी. बाई गंभीर. म्हणाल्या, "तुम्ही गेल्यापासून दोन बुलबुल येऊन आपटले. एक अजून खोक्यात आहे. इतकी साफ नाही करायची काच." आयुष्यात पहिल्यांदा काम जास्त चांगलं झालं म्हणून तक्रार. बाईंनी पुढे अट घातली की मधला एक पट्टा न पुसता सोडायचा. हे कबूल झाले, पण दर वेळी त्या पट्ट्यापाशी आले की त्यांचा हात पुढे सरकायचा. एकदा तर मी मूठ दाखवून त्यांना थांबवलं. बुलबुल बरा होऊन उडाला, हे मात्र बाईंनी आवर्जून फोन करून कळवलं.

मग इमारती बदलल्या. पूर्ण दर्शनी भाग काचेचा, आणि त्यातली एकही काच उघडायची नाही. आत एसी. बाहेरच्या माणसाला चहा देणं बंद झालं. आत-बाहेर जी थोडीफार हवा एक होती, तीही तुटली.

त्याच सुमाराला एका सकाळी निवृत्तीराव अंथरुणातून उठले आणि तसेच भिंतीवर आदळले. घर गरगर फिरतंय म्हणाले. डोळ्यांची बुबुळं एका बाजूला सरकायची आणि झटक्याने परत यायची. मी घाबरले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानात दोष आहे, अशी चक्कर पुन्हा पुन्हा येईल, कधी येईल सांगता येत नाही. "उंचीवर चढायचं नाही. स्टुलावरसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. निवृत्तीरावांनी मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "कानाचा अन् दोराचा काय संबंध?"

चक्कर आली की डोळे एका जागी स्थिर ठेवायचे, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. मी समोर बसायची आणि म्हणायची, माझ्या कुंकवाकडे बघा, दुसरीकडे बघू नका. ते बघत राहायचे. हळूहळू बुबुळं जागेवर यायची.

दोर बंद म्हणजे धंदा बंद. तेव्हा पुण्याहून एक विक्रेता नवीन साधन घेऊन आला. लांबच लांब, एकात एक सरकणारी हलकी काठी. टोकाला ब्रश, ब्रशमध्ये बारीक भोकं, आणि काठीला धरून वर गेलेली पाण्याची नळी. माणूस जमिनीवर उभा राहतो, ब्रश पाचव्या मजल्यावर फिरतो. साबण नाही, वायपर नाही, पुसणं नाही. धुवायचं आणि ओलं सोडून द्यायचं. गंमत पाण्यात आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. बादली वाळली की बुडाला पांढरं बसतं, तसंच काचेवर ठिपके राहतात. म्हणून तर आम्ही पुसत होतो. या साधनाबरोबर एक मशीन येतं, ते पाण्यातले सगळे क्षार काढून टाकतं. पाण्यातच काही नाही, तर वाळल्यावर मागे काय राहणार?

मला एका मिनिटात पटलं. माझा नवरा जमिनीवर राहणार, यापलीकडे मला काही ऐकायचंच नव्हतं. निवृत्तीरावांना पटलं नाही. "सडा टाकल्यावानी," म्हणाले. "काच धुतली अन् पळून गेलो. ह्याला काय काम म्हणायचं?" पण मी हटून बसले. मशीन आणि टाकी टेम्पोत चढली. दोर मात्र त्यांनी टेम्पोतून उतरवू दिला नाही. असू दे, कशाला तरी लागंल, म्हणाले. मीही ताणून धरलं नाही.

पहिलं मोठं काम गंगापूर रोडवरच्या पाच मजली ऑफिसच्या इमारतीचं. मालकांची अट होती, आधी उत्तरेची बाजू धुऊन दाखवा, पटलं तर वर्षभराचं काम तुमचं. थंडीचे दिवस. उत्तरेच्या बाजूला ऊन येत नाही. निवृत्तीरावांनी तोंड कडू करून सगळी बाजू काठीने धुतली. काचा नुसत्या ठिबकत होत्या. तेवढ्यात मालकांचे मॅनेजर आले, वर बघितलं.

"काय हो ताई, हे असंच ठिबकत सोडणार?"

"साहेब, आपोआप वाळेल. नंतर बघा तुम्ही."

मॅनेजर मान हलवत आत गेले. निवृत्तीरावांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, तुम्ही नळी गुंडाळा, मी आतून सुरुवात करते. आम्ही नेहमी वरून खाली यायचो, म्हणून मी बादली घेऊन पाचव्या मजल्यावर गेले. ऑफिस अजून भरलं नव्हतं; काचांपुढची टेबलं बाजूला सारण्यात बराच वेळ गेला. पहिल्या काचेला साबण लावला, आणि बाहेर मला आधी बूट दिसले.

मला वाटलं भास. मग पोटऱ्या दिसल्या, मग फळी, मग हातात वायपर धरलेले आमचे हे. चोरून दही खाताना सापडल्यासारखे हसले आणि दोन बोटं दाखवली. दोनच काचा, एवढाच त्याचा अर्थ. मी मूठ दाखवली. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. पहिली काच उभी ओढून चकचकीत केली. पायाने रेटा देऊन दुसऱ्या काचेसमोर सरकले, वायपर लावला, आणि अर्ध्यावर हात थांबला.

त्यांचा हात मध्ये थांबलेला मी कधीच बघितला नव्हता. तोंडाकडे बघितलं, तर बुबुळं सरकत होती. त्यांनी वायपर सोडला. तो कमरेच्या पट्ट्याच्या दोरीला लोंबकळत राहिला. दोन्ही हातांनी दोर आवळला आणि डोळे मिटून घेतले. झुला एका बाजूला कलायला लागला.

मी ओरडले. ती काच उघडत नव्हती आणि माझा आवाज बाहेर जात नव्हता. आमच्यामध्ये एका बोटाचं अंतर होतं आणि मी त्यांना हात लावू शकत नव्हते. मी काचेवर दोन्ही हातांनी ठोकायला सुरुवात केली. त्यांचे पाय काचेला टेकलेले होते, तळव्यांना हादरे कळले असणार. डोळे उघडले. मी मूठ दाखवली आणि मग कपाळावर बोट ठेवलं. इथे बघा. दुसरीकडे नाही. ते बघत राहिले. बुबुळं थोडी ठरली. झुला सरळ झाला.

वर चढणं शक्यच नव्हतं. उतरायला मात्र दोर हाताने सोडत यायचं असतं, आणि ते त्यांच्या हाताला झोपेतही जमलं असतं. मी बोट खाली केलं, मग माझ्याकडे, मग जिन्याकडे. मी खाली येते. तिथे बघा. त्यांनी डोळे मिटले आणि दोर वीत वीत सोडायला लागले.

मी जिन्याकडे धावले. वॉचमन भेटला, त्याला ओरडून सांगितलं, गच्चीवर जा, गाठीपाशी उभे राहा, कुणाला दोराला हात लावू देऊ नका. चौथ्या मजल्यावर कुणाच्या तरी टेबलावरून वाकून काच गाठली. बूट आले, गुडघे आले. मी ठोकलं. ते थांबले, डोळे उघडले, माझ्या कपाळाकडे बघत राहिले, मान हलवली, पुन्हा डोळे मिटले. मी पुन्हा जिन्याकडे.

तिसरा मजला बंद होता. भाड्याने जायचा होता, दाराला कुलूप. मी ते दार ढकललं, लाथ मारली. मग डोक्यात आलं की ते काचेसमोर येऊन माझ्या ठोकण्याची वाट बघत थांबतील, आणि ठोकणारं तिथे कुणी नसेल. मी दुसऱ्या मजल्यावर पळाले. काचेला गाल लावून वर बघितलं तर फक्त बुटांचे तळ दिसत होते. ते हलत नव्हते. दोन काचांच्या मधली अॅल्युमिनियमची पट्टी वरपासून खालपर्यंत सलग होती. मी कमरेला खोचलेलं पातं काढलं आणि त्याच्या मुठीने त्या पट्टीवर ठोकायला लागले. अहो, या. या ना. खाली मी आहे. वेड्यासारखी बोलत होते. बुटांचे तळ हलले. एक वीत. मग दुसरी.

दुसऱ्या मजल्यावर डोळे उघडले तेव्हा त्यांच्या गालावर पाणी होतं. काचेचं की डोळ्यांचं, मी विचारलं नाही.

मी बाहेर पोचले तेव्हा ते खाली, भिंतीला पाठ लावून बसले होते. असं कधी झालं तर त्यांना काय काय बोलायचं ते इतकी वर्षं मनात तयार करून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. मी रडणारी बाई नाही.

"रडू नको ना. लोक बघत्यात," ते म्हणाले. मग डोळे चोळत, "लय गरगरलं."

"कशाला गेलात हो?"

"काच वली सोडवंना गं मला."

"काच सोडवेना. आणि मला सोडून चालला होतात ते?"

त्यांनी माझा हात धरला, तोही रस्त्यावर, लोकांसमोर. तसंच बसून राहिलो. वारा सुटला होता. वरच्या काचा एकेक करून वाळत होत्या, आणि हे मान वर न करता मला विचारत होते, ठिपके पडले का गं? मी बघून सांगितलं, नाही पडले. खरंच नव्हते पडले. सगळी बाजू आरशासारखी झाली होती.

मॅनेजर बाहेर आले. बराच वेळ वर बघत राहिले. म्हणाले, "छान झालंय की. त्या वरच्या दोन तेवढ्या खराब राहिल्यात." एका काचेला अर्ध्यावर थांबलेल्या हाताची जाड रेघ होती, दुसरीवर बुटांचे ठसे.

मी उठायला लागले. निवृत्तीरावांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि ते माझ्याआधी उठले. "त्या मी करतो," म्हणाले. मी पटकन जिन्याच्या वाटेत उभी राहिले. पण ते टेम्पोकडे गेले आणि त्यांनी काठी उचलली. एकेक टप्पा सरकवत ती पाचव्या मजल्यापर्यंत नेली. मान वर केली की तोल जाईल म्हणून मी मागून त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकाच वेळी एका काचेच्या एकाच बाजूला काम करायला कधी उभे राहिलो नव्हतो.

त्यांनी दोन्ही काचा धुतल्या, काठी खाली घेतली. पाणी ठिबकत होतं. काही थेंब आमच्या तोंडावर पडले. त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि तिथेच उभे राहिले.

"वाळायला लय टाइम लावते गं ही."

"लावू द्या," मी म्हटलं.